नेटचा स्पीड नेमका कुठे अडतो?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात राहणाऱ्या रॉब टोपोल्स्की या नेटवर्क इंजिनिअरला जुन्या गाण्यांचा छंद होता. चार पुरुषांनी वाद्यांविना, सुरात सूर मिसळून गायच्या ‘बार्बरशॉप’ गायकीची कॉपीराइट संपलेली ध्वनिमुद्रणं तो बिटटॉरेंटसारख्या मार्गांनी इतर शौकिनांना देत असे. २००७ साली त्याच्या लक्षात आलं की बाकी सगळं नेट सुरळीत चालतंय, फक्त या फायली त्याच्या संगणकावरून बाहेर जात नाहीत. दुसरा कुणी असता तर मॉडेम बंद-चालू करून गप्प बसला असता. टोपोल्स्कीनं तारेतून ये-जा करणारे माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेट, एकेक करून तपासले. त्यांत ‘जोडणी तोडून टाक’ असं सांगणारी पॅकेट होती. ती समोरच्या संगणकाकडून आल्यासारखी दिसत होती, पण समोरच्यानं ती पाठवलीच नव्हती. ती मधल्यामध्ये तयार करून घुसडत होती त्याची इंटरनेट कंपनी, कॉमकास्ट.

कंपनीनं आधी कानांवर हात ठेवले. मग ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं स्वतः चाचणी घेतली. त्यासाठी त्यांनी बायबलची फाइल निवडली, म्हणजे चोरीच्या सिनेमाचा प्रश्नच उरू नये. तीही अडली. ऑगस्ट २००८ मध्ये तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या दूरसंचार आयोगानं कंपनीवर ठपका ठेवला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयानं आयोगाला तसा अधिकार नसल्याचं सांगून तो आदेश रद्द केला. पण तोवर कंपनीनं आपली रीत बदलली होती. १ ऑक्टोबर २००८ पासून तिनं घरगुती ग्राहकांना महिन्याला २५० जीबीची मर्यादा लावली आणि तसं जाहीर केलं.

या दोन्ही गोष्टी ग्राहकाचा वापर आवरण्यासाठीच होत्या. तरी मला त्यांत जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. २५० जीबी हा आकडा पुरेसा आहे की नाही, यावर वाद घालता येतो, तो दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. खोट्या पॅकेटशी वाद कसा घालणार? घरच्या नेटवर मर्यादा असणारच, हे आपण आधी नीट समजून घेतलं पाहिजे. मग त्यातली कुठली मर्यादा रास्त, कुठली कंपनीच्या कंजूषपणाची आणि कुठली बेकायदा, हे ओळखता येतं.

मर्यादा का असणारच, याचं उत्तर इंटरनेटपेक्षा जुनं आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत आग्नर एरलांग नावाचा गणिती नोकरीला होता. गावातल्या सगळ्यांनी एकाच वेळी फोन उचलला तर प्रत्येकासाठी वेगळी लाइन लागेल आणि तेवढा खर्च कुणालाच झेपणार नाही. मग किती लाइन टाकल्या म्हणजे क्वचितच एखाद्याला थांबावं लागेल? १९०९ साली त्यानं या विषयावर पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये सूत्रं मांडली. ती दूरसंचार अभियंते आजही वापरतात. घरगुती ब्रॉडबँडचं सगळं अर्थकारण याच हिशेबावर उभं आहे. तुम्ही १०० एमबीपीएसचा प्लॅन घेता तेव्हा तेवढी जागा तुमच्यासाठी चोवीस तास राखून ठेवलेली नसते. तशा राखीव जागेला लीज्ड लाइन म्हणतात. बँका, कारखाने, मोठी ऑफिसं ती घेतात आणि तिचं भाडं घरगुती प्लॅनच्या कितीतरी पट असतं. वाटून घेतो म्हणूनच नेट आपल्याला परवडतं.

किती जणांत वाटायचं, यालाही धरबंद हवा. आपल्याकडच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, २००९ साली इंटरनेट कंपन्यांना यासाठी प्रमाण घालून दिलं: घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास, व्यावसायिक जोडणीसाठी एकास तीस. म्हणजे १०० एमबीपीएसची एक वाट जास्तीत जास्त पन्नास घरांत वाटायची. पन्नासही घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला २ एमबीपीएस येतात. असं सहसा होत नाही. बातम्या वाचणारा माणूस पान उघडताना क्षणभर तार वापरतो आणि मग दोन मिनिटं वाचत बसतो. त्या दोन मिनिटांत वाट मोकळीच असते.

आता आपल्या गल्लीत येऊ. खांबावर किंवा जिन्याखाली एक छोटा डबा असतो, त्यात स्प्लिटर. नेटवाल्याच्या खोलीतून येणारा फायबरचा एक धागा या स्प्लिटरमध्ये फुटतो आणि त्याच्या ३२ किंवा ६४ शाखा घरोघर जातात. आपल्याकडच्या बहुतेक फायबर जोडण्या ज्या जीपॉन तंत्रावर चालतात, त्यात या एका धाग्यावरून घराकडे सुमारे अडीच जीबीपीएस आणि घराकडून परत सुमारे सव्वा जीबीपीएस माहिती जाऊ शकते. ६४ घरांत सरळ भागाकार केला तर एका घराला सुमारे ३९ एमबीपीएस येतात, आणि विकलेले असतात १००. हे वाचून फसवल्यासारखं वाटेल. पण संध्याकाळी त्या ६४ घरांत काय चालतं, ते पाहा. चांगल्या दर्जाच्या, म्हणजे एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. प्रत्येक घरात एकाच वेळी दोन व्हिडिओ चालू आहेत असं धरलं, तरी बेरीज ६४० एमबीपीएस होते. अडीच जीबीपीएसच्या धाग्याला हे ओझं मुळीच जड नाही.

मग रात्री साडेनऊला क्रिकेटची मॅच का अडखळते? अडचण बहुतेक वेळा त्या धाग्याच्या पलीकडे असते. अशी शेकडो-हजारो घरं ज्या खोलीत एकत्र येतात, तिथून पुढे बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट नेटवाल्याला किंवा कंपनीला विकत घ्यावी लागते. छोट्या शहरांतले केबलवाले ती मोठ्या कंपनीकडून घाऊक भावात घेतात. ग्राहक दुप्पट झाले आणि ही खरेदी होती तेवढीच राहिली, तर रात्री आठ ते अकरा ती वाट तुंबते. आठ वर्षं जुना ग्राहक मग म्हणतो, ‘पूर्वी बरं चालायचं हो.’ त्याचं म्हणणं अगदी खरं असतं.

‘रात्री हे मुद्दाम स्पीड कमी करतात’ अशी तक्रारही तुम्ही ऐकली असेल. बहुधा कुणीच बटण दाबत नाही. गर्दी झाली की माहिती पाठवणारे संगणक स्वतःच आपला वेग कमी करतात. ही शिस्त त्यांना एका जुन्या संकटानं लावली. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ केबीपीएसवरून सेकंदाला ४० बिटवर कोसळला, म्हणजे जवळपास बंदच पडला. दोघांतलं अंतर जेमतेम चारशे यार्ड! वाट तुंबली की पॅकेट हरवत, हरवली म्हणून प्रत्येक संगणक ती पुन्हा पाठवी, त्यानं गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये तो प्रसिद्ध झाला: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्यानं हात आखडता घ्यायचा, मग अंदाज घेत हळूहळू वाढवायचं. इंटरनेट आजवर टिकलं ते या समजूतदारपणामुळे. तुमच्या पडद्यावर मॅच थांबत नाही, नुसती धूसर होते, तेव्हा अशीच शिस्त काम करत असते.

याचा अर्थ कंपनी निर्दोष, असा मात्र नाही. पुरेशी वाट विकत न घेणं हाही ग्राहकाच्या पैशांवर डल्लाच आहे. ट्रायच्या २००६ च्या सेवा-दर्जाच्या नियमांत हे स्पष्ट होतं: सर्वांत गर्दीच्या तासातही बाहेरची वाट ८० टक्क्यांहून जास्त भरलेली नसावी आणि कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकापर्यंतचा वेग प्लॅनमधल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त असावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या नियमांची जागा नव्या एकत्रित नियमांनी घेतली. दर्जाचं मोजमाप करण्याची जबाबदारी कंपनीची असते, हे तत्त्व दोन्हींत आहे.

आणखी एक कोडं पुष्कळांना पडतं. यूट्यूब झकास चालतं, पण मुलाचं घरून चालणारं ऑफिसचं काम रडत-रखडत होतं. गूगल, नेटफ्लिक्स अशा कंपन्या लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती ठेवणारे सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या जागेतच बसवतात. तुम्ही पाहता तो व्हिडिओ बहुधा तुमच्याच शहरातून किंवा मुंबईतून येतो. ऑफिसचा सर्व्हर सिंगापूर किंवा अमेरिकेत असेल, तर त्याची माहिती त्या तुंबलेल्या, विकत घेतलेल्या वाटेवरून आणि पुढे समुद्राखालच्या केबलमधून यावी लागते. त्यामुळे ‘यूट्यूब तर चालतंय, मग नेट ठीक आहे’ हे नेटवाल्याचं उत्तर पुरेसं मानू नका.

इथवर सांगितलेली मर्यादा गर्दीची. दुसरी मर्यादा हिशेबाची: महिन्याला अमुक इतका डेटा पूर्ण वेगानं आणि त्यानंतर हळू. कंपन्या तिला फेअर यूसेज पॉलिसी म्हणतात, नेटवाल्याच्या तोंडी ती ‘एफयूपी’. आपल्याकडच्या ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये हा आकडा ३३०० जीबी असतो. तो मोठा की लहान? १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगानं तार सतत वापरली, तर सेकंदाला साडेबारा एमबी उतरतात आणि ३३०० जीबी सुमारे ७३ तासांत, म्हणजे तीन दिवसांत संपतात. उरलेले सत्तावीस दिवस? इथे दचकायला होतं. पण घरात कुणी असं वापरत नाही. तीस दिवसांत वाटले तर हे रोजचे ११० जीबी होतात. एचडी व्हिडिओ तासाला सुमारे ३ जीबी खातो. चार माणसांच्या घरात प्रत्येकानं रोज पाच तास असा व्हिडिओ पाहिला, तरी ६० जीबी. वर मोबाइल-लॅपटॉपचे अपडेट, मुलांचे गेम आणि सोसायटीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग धरा. मर्यादा तरीही पुरते. ज्याचं घर खरोखर ती ओलांडतं, त्यानं व्यावसायिक जोडणी घ्यावी, हे कंपनीचं म्हणणं मला गैर वाटत नाही. पण जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘अनलिमिटेड’ आणि आकडा मात्र तळाशी मुंगीएवढ्या टाइपात, हे गैर आहे. त्याबद्दल ग्राहकांनी आवाज उठवायलाच हवा.

मर्यादा संपल्यावर वेग कसा कमी केला जातो, हेही सांगायला हवं, कारण त्याचा स्पीड टेस्टशी संबंध आहे. कंपनीच्या यंत्रात प्रत्येक ग्राहकाच्या नावे एक मोजणी चालू असते. तिच्यात ठरावीक गतीनं ‘टोकन’ जमा होत राहतात. प्रत्येक पॅकेटला पुढे सरकताना आकारमानानुसार टोकन खर्चावं लागतं. टोकन संपले की पॅकेट थांबतं किंवा फेकलं जातं. टोकन जमा होण्याची गती हाच तुमचा स्पीड; प्लॅन बदलला की तेवढा एक आकडा बदलतो. तुम्ही काही वेळ काहीच वापरलं नाही, तर थोडे टोकन साठतात, म्हणून डाउनलोडचे पहिले काही क्षण सुसाट जातात आणि मग वेग बसतो. पाच-दहा सेकंदांची चाचणी त्यामुळे कधीकधी आशादायक चित्र दाखवते. मोठी फाइल उतरवून पाहिली की खरा वेग कळतो.

मर्यादेनंतरचा वेग किती असावा? २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. २०१३ मध्ये ही किमान पातळी ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. ट्रायनं ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपन्यांना निर्देश दिले: प्रत्येक प्लॅनबरोबर डेटाची मर्यादा, मर्यादेपर्यंतचा वेग आणि नंतरचा वेग जाहीर करा, मर्यादा जवळ आली की ग्राहकाला संदेश पाठवा आणि घरच्या तारेच्या जोडणीचा वेग कुठल्याही प्लॅनमध्ये ५१२ केबीपीएसच्या खाली आणू नका. कागदावर हे ग्राहकाच्या बाजूचं आहे, पण ५१२ केबीपीएसनं १ जीबीची फाइल उतरायला चार तासांहून अधिक लागतात. बँकेचा ओटीपी आणि मेसेज चालतील, मुलीचा ऑनलाइन वर्ग नीट चालणार नाही. म्हणून प्लॅन घेताना मर्यादेइतकंच लक्ष मर्यादेनंतरच्या वेगाकडे द्या.

मर्यादेच्या तिसऱ्या प्रकाराला भारतात मज्जाव आहे. कंपनी सगळं नेट सारखंच हळू करू शकते. पण अमुक व्हिडिओ सेवा हळू, आपली भागीदार सेवा जलद, असं करू शकत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि त्यामुळे फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना भारतात थांबली. मजकूर पाहून तो अडवायला किंवा मंद करायला मनाई करणारी तत्त्वं केंद्र सरकारनं जुलै २०१८ मध्ये मंजूर केली आणि ती पुढे परवान्यांच्या अटींत आली. जाळं सांभाळण्यासाठीच्या वाजवी उपायांना त्यात सूट आहे. आपल्या बाजूनं इतका स्पष्ट नियम असणं ही मोठी कमाई आहे. त्यासाठी लाखो सामान्य ग्राहकांनी ट्रायला ईमेल पाठवले होते.

मर्यादा उघडपणे कशी घालावी, याचा चांगला नमुना मार्च २०२० मध्ये दिसला. टाळेबंदीत सगळा देश घरात बसला आणि जाळ्यावरचा ताण वाढला. व्हिडिओ सेवांनी एकत्र येऊन ठरवलं की १४ एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर ४८० पिक्सेलपेक्षा वरचा दर्जा द्यायचा नाही. काय कमी होणार, का आणि कधीपर्यंत, हे सगळं त्या घोषणेत होतं. लोकांनी कुरकुर न करता मान्य केलं.

कंपनीवर बोट ठेवण्याआधी घरातला भाग मात्र तपासलाच पाहिजे, कारण नेटवाल्याचा माणूस आल्या-आल्या तिकडेच बोट दाखवतो आणि अनेकदा तो बरोबर असतो. राउटर टीव्हीच्या मागे कोंबलेला, बेडरूम दोन भिंतींपलीकडे, आणि फोन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. त्याच पट्ट्यावर शेजारच्या दहा घरांचं वायफाय आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. प्लॅन ३०० चा घेतला आणि राउटरचं पोर्ट जुनं १०० चं असेल, तर शंभरच्या वर आकडा कधीच जाणार नाही. पोर्टला लागणाऱ्या तारेत आठ बारीक वायरी असतात. घाईत चारच जोडल्या, तरीही शंभरावर गाडी अडते. आणि डाउनलोडच्या खिडकीत ‘१२ एमबी’ दिसलं म्हणून हबकू नका. तिथे बाइट मोजतात, प्लॅनमध्ये बिट. आठानं गुणलं की जवळपास १०० एमबीपीएस होतात.

म्हणून चाचणी तारेनं घ्या. लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडा, बाकी सगळ्यांचं वायफाय दहा मिनिटं बंद ठेवा. सकाळी सातला एकदा, रात्री दहाला एकदा, असं आठवडाभर मोजा आणि वहीत मांडून ठेवा. पडद्याचा फोटोही काढा. स्पीड टेस्ट आपोआप निवडते तो सर्व्हर अनेकदा तुमच्याच कंपनीच्या जाळ्यात असतो, तेव्हा तुंबलेली बाहेरची वाट चाचणीत येतच नाही. यादीतून दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडा. फास्ट डॉट कॉम ही चाचणी नेटफ्लिक्सच्या सर्व्हरशी होते. तिचा आकडा बाकी चाचण्यांपेक्षा सतत खूपच खाली येत असेल, तर व्हिडिओच्या वाटेवर काहीतरी अडतंय, असं समजा. सकाळी ९५ आणि रात्री ७० हे घरगुती जोडणीत चालायचंच. सकाळी ९५ आणि रोज रात्री ८ असेल, तर तो नेटवाल्याचा दोष आहे आणि त्यानं तो दूर केलाच पाहिजे. सकाळ-रात्र दोन्ही वेळा नेमका एकच छोटा आकडा येत असेल, तर एफयूपी संपली आहे, चुकीचा प्लॅन लागला आहे किंवा पोर्ट-तारेत खोट आहे.

तक्रार फोनवर बोलून सोडून देऊ नका. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे लेखी अपील करा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनी ही दोन पायऱ्यांची सोय प्रत्येक कंपनीला सक्तीची केली आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज करून वाट पाहत बसू नका. दूरसंचाराच्या वादात ग्राहक न्यायालयात जाता येतं की नाही, हा घोळ कित्येक वर्षं चालला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला: जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगापुढे आपली बाजू स्वतः मांडता येते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्कही नाही. अर्जासोबत प्लॅनची जाहिरात, भरलेली बिलं, तक्रार क्रमांक आणि त्या आठवड्याच्या सकाळ-रात्रीच्या नोंदी जोडा.